हलका बाण, जड बाण आणि माझी बसायची जागा

कुवेतच्या तुमच्या मंडळींकडे एवढे किस्से कसे हो, असं मला इकडं परत आल्यापासून सगळे विचारतात. अहो, सोपं आहे! शुक्रवारी वाळवंटात गेलेली माणसं संध्याकाळी धडधाकट घरी आली, की त्याचा किस्सा होतो. नाही आली, तर बातमी होते. आमची बातमी झाली नाही, एवढंच. म्हणून किस्से साठत गेले.

मी सुनंदा, चिपळूणची. कुवेतला एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला नर्स होते. आमचे हे मूळचे नाशिकचे, मीना अल-अहमदीला रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनियर. आणि मी जन्माची भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लिफ्ट अडकेल, गॅस लीक होईल, इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द करून पुढच्या विमानानं घरी पाठवतील, या भीत्या तर माझ्या रोजच्याच. त्यांच्याशिवाय मला करमायचंसुद्धा नाही.

पण यांना बाण मारायचं वेड लागलं आणि बाकीच्या सगळ्या भीत्या मागं पडल्या. तेव्हापासून मी देवाकडे एकच मागायचे. संध्याकाळी घरी येताना माणसाला दोन हात, दोन पाय आणि दोन डोळे असू देत. बाकी काही नको, प्रमोशनसुद्धा नको!

*

सुरुवात केली डगनं. डग म्हणजे यांच्या प्लँटवरचा कॅनेडियन. एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आला, कोलंबीचं कालवण खाऊन डोळे पुसले आणि पाकिटातून फोटो काढला. फोटोत म्हशीहून मोठं हरीण आडवं पडलेलं. त्याला ते मूस म्हणतात. शेजारी डग गुडघ्यावर बसलाय आणि हातात बंदूक नाही, धनुष्य!

"बाण आरपार गेला," डग म्हणाला. "पलीकडे जाऊन जमिनीत रुतला. मूसला कळलंच नाही. त्यानं अजून दोन घास खाल्ले, आणि मग बसला."

माझ्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात पडला.

यांना मात्र भलताच रस! "बाण हलका असणार. हलका म्हणजे स्पीड जास्त. आणि एनर्जीत स्पीडचा वर्ग होतो!" असं म्हणून यांनी पेपर नॅपकिनवर फॉर्म्युला लिहून डगच्या पुढं सरकवला.

डगनं नॅपकिन वाचला, त्यालाच तोंड पुसलं आणि म्हणाला, "जड होता. चांगला जड. अवी, मूसनं तुझं पुस्तक वाचलेलं नाही!"

झालं! इंजिनियर माणसाला दुसरं काहीही बोला, फॉर्म्युल्यावर हसू नका. हलका बाण खरा की जड बाण खरा, हे आता सिद्ध करूनच दाखवायचं असं यांनी ठरवलं. वर डगनं आमंत्रण दिलं, "येत्या सीझनला चल माझ्याबरोबर कॅनडात. तूच मार, तूच बघ."

तो गेल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, माझी अख्खी ड्यूटी माणसांना पडलेली भोकं शिवण्यात जाते. आणि तुम्ही आता भोकं पाडायला शिकणार?"

हे म्हणाले, "माणसांना नाही गं, मूसला!"

*

धनुष्य कार्गोनं यांच्या नावावर आलं. आता कस्टममधून सोडवायचं. हत्यार आणलं म्हणून धरलं तर? रस्ताभर हे घोकत होते, "स्पोर्ट्स आयटम, स्पोर्ट्स आयटम." मी शेजारी बसून देवाचं नाव घेत होते.

काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं खोका उघडला. हे धनुष्य काही देवांच्या चित्रातल्यासारखं नव्हतं. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये तारांची गुंतवळ. त्यानं भुवई वर केली. "हे काय?"

यांची बोबडी वळली. घोकलेलं सगळं उडालं आणि तोंडातून निघालं, "एक्सरसाइज मशीन!"

"असं?" अधिकारी खुर्चीत मागं रेलला. "मग करून दाखव."

आता गंमत बघा. सुट्टीवर कॅनडात गेलेल्या डगनं फोनवर एकच गोष्ट दहादा बजावली होती. बाण लावल्याशिवाय दोरी कधी सोडायची नाही. बाण असला की सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो जोर धनुष्यातच राहतो आणि ते तोंडावर फुटतं. हळूहळू परत कसं आणायचं, ते डग आल्यावर शिकवणार होता.

यांनी दोरी ताणली. ताणली ती ताणली! सोडता येईना, धरवेना. हात लटपटायला लागले, मानेच्या शिरा फुगल्या, घाम नाकावरून टपकायला लागला. आता फुटतंय आणि यांचा डोळा जातोय, असं वाटून मी माझे दोन्ही डोळे मिटून घेतले.

"किती वेळ धरायचं असतं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"जे... जेवढं... जमेल... तेवढं!"

शेवटी दोरीनंच यांना ओढत पुढं नेलं आणि यांचं कपाळ काउंटरवर आपटलं. पण धनुष्य शाबूत! अधिकाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला, मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "माझ्या मेव्हण्याचं पोट फार सुटलंय. हे कुठं मिळतं?"

*

हा किस्सा मी हसत सांगत नाही.

तेव्हा इराकी सैन्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण वाळवंटात त्यांनी टाकलेलं आणि त्यांच्यावर पडलेलं सामान अजून निघत होतं. आमच्या वॉर्डात एक मेंढपाळ आला. तरणाबांड इजिप्शियन. वाळूत काहीतरी चमकलं म्हणून त्यानं ते उचललं होतं. ड्रेसिंग करताना तो मला सारखा विचारायचा, "सिस्टर, बोटं कुठं ठेवलीत?" मी काय सांगणार? मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यात यांनी जाहीर केलं, की प्रॅक्टिसला जागा मिळाली. कुठं? तर जहराच्या पुढं, वाळवंटात!

जागा अबू फैसलची. ते यांच्या कंपनीतून रिटायर झालेले कुवेती गृहस्थ, ससाणे पाळायचे, बकऱ्या पाळायचे आणि बऱ्यापैकी हिंदी बोलायचे. त्यांच्या जमिनीवर सैन्यानं गाड्या लपवायला केलेला वाळूचा बांध तसाच उभा होता. घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी भिंत, चांगली पुरुषभर उंच. बाण अडवायला आयता.

"सब साफ है, सिस्टर," अबू फैसल म्हणाले. "फौजवाले आए थे, सब देख के गए. माफी मुश्किल!" म्हणजे काहीच अडचण नाही. कुवेतमध्ये सगळ्या अडचणी याच वाक्यानं सुरू होतात.

घरी एकटी बसून वाट बघण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेलं बरं, म्हणून मीही निघाले. गाडीतून उतरल्यावर मी यांना पुढं घातलं आणि हे जिथं पाय ठेवतील बरोब्बर तिथंच पाय ठेवत निघाले. माझ्या पावलांवर आमची केतकी, तेव्हा ती दुसरीत होती. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग!" ती करवादली. मी म्हटलं, "असू दे. पाऊल बघून टाक!"

मागून डॉक्टर सबनीस येत होते. ते पुण्याचे, मिरकाबला त्यांचा दातांचा दवाखाना. त्यांनाही बाणांची हौस लागली होती. ते मोठ्यांदा म्हणाले, "काय वहिनी, सप्तपदी चाललीय का?"

मी मान वळवून बघितलं. सबनीस माझ्या पावलांवर पाय ठेवत येत होते!

*

सबनीसांचा पक्ष हलक्या बाणाचा. "स्पीड, अवी, स्पीड! हलका बाण सरळ जातो, खाली येत नाही, नेम चुकत नाही." ते बाण कापून आखूड करायचे, पिसं बारीक करायचे, आणि एकदा तर त्यांनी कमालच केली. दवाखान्यातल्या दाढ कोरायच्या मशिननं बाणाचं लोखंडी टोक आतून कोरून पोकळ केलं! "रूट कॅनल केलंय," असं सगळ्यांना दाखवत फिरले.

डग त्या दिवशी अजून पोचला नव्हता. सबनीसांनी स्वतःचं नवं धनुष्य ताणलं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं उभी होते. आणि 'फाट्' असा आवाज झाला! बाण कुठं गेला ते देव जाणे. धनुष्याचा वरचा हात फुटला, त्याची ढलपी सबनीसांच्या कानाला चाटून माझ्या खांद्यावरून मागं गेली आणि गाडीच्या दारावर आपटली. मी मटकन खाली बसले.

तेवढ्यात डग आला. त्यानं तुटलेलं धनुष्य बघितलं, दुसरा तसलाच बाण हातावर तोलला आणि म्हणाला, "डॉक्टर, एवढ्या हलक्या बाणाला जोर घेऊन जाता येत नाही. धनुष्याला वाटलं, तुम्ही काहीच लावलं नाही."

सबनीसांच्या कानातून भळाभळा रक्त. मी कशीबशी उठले, पेटी उघडली, कापूस घेतला. तर सबनीस माझा हात बाजूला सारून, तोंड उघडून, बोट आत दाखवत होते.

"वहिनी, कान मरू दे! दात बघा आधी! पेशंट काय म्हणतील?"

*

त्या दिवसापासून मी बाण मारणाऱ्यांच्या मागं उभं राहायचं सोडलं. पुढं तर जायचंच नव्हतं. मग जायचं कुठं?

यांनीच जागा शोधून दिली. टार्गेट मधल्या भिंतीला असायचं. डाव्या बाजूच्या भिंतीकडे कुणी बाण मारतच नसे. "त्या भिंतीच्या पलीकडे बस," हे म्हणाले. "धनुष्य फुटलं तरी तिकडं काही येणार नाही. आणि समजा एखादा बाण भरकटलाच, तर हिशोब सांगतो. हलका बाण वाळूत वीतभर जातो, जड बाण फार तर हातभर. भिंत पुरुषभर जाड आहे. तुझ्यापर्यंत काहीही पोचत नाही!"

इंजिनियरचा हिशोब. आणि या वेळी मलाही पटला.

त्या हिवाळ्यात ती माझी खोलीच झाली म्हणा ना! वारा लागायचा नाही. भिंत जरा कोरून मी पाठीला टेकायला खळगा केला, त्याच्या शेजारी भिंतीतच कोनाड्यासारखी चूल केली. कोळसे पेटवायचे, त्यावर पुदिन्याचा चहा. केतकी मांडीला मांडी लावून चित्रं काढायची. चमचे मात्र फार हरवायचे. केतकीची लाल क्लिपही तिथंच कुठंतरी गेली. वाळू सगळं गिळते.

अख्ख्या कुवेतमध्ये ही एकच जागा होती, जिथं पाठ टेकली की माझी छाती धडधडायची थांबायची.

*

हलका का जड, याचा निकाल लावायला यांनी जहराच्या खाटकाकडून उंटाचा अख्खा खांदा आणला. हाडासकट. मूसचं हाड असंच जाड असतं म्हणे. तो टार्गेटच्या जागी बांधला.

पहिला बाण सबनीसांचा, म्हणजे हलका, पण आता जरा बेतानं हलका. दिसलासुद्धा नाही, एवढ्या वेगात गेला. मांसात शिरला, हाडाला लागला आणि टोकापाशी मोडला. दुसरा यांचा, जड. तो जाताना दिसत होता. आवाजही फारसा नाही, नुसता 'थप्'. आणि तो हाडातून पलीकडे जाऊन वाळूत शिरला, मागची पिसं तेवढी बाहेर.

"बघितलंस?" हे धावत मला सांगायला आले. "वेग सगळा पहिल्या धक्क्यात संपतो. वजन ढकलत राहतं! तू नारळ लाटण्यानं फोडतेस का? कितीही जोरात मारलंस तरी फुटेल का? वरवंटा घेतेस ना!"

मी उंटाच्या खांद्याकडे बघत होते. भोक दोन्ही बाजूंनी सारखं, स्वच्छ, कडा अगदी नीट. असं भोक मी वॉर्डात पाहिलं होतं, आणि त्या माणसाला आम्ही वाचवू शकलो नव्हतो. मी म्हटलं, "जिंकलात ना? मग आता पुरे. कॅनडा नको."

यांनी ऐकलंच नाही. ते अबू फैसलना भोक दाखवत होते. अबू फैसलनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं, बोट घालून बघितलं, आणि खिन्नपणे मान हलवली.

"मुहंदिस," ते म्हणाले, मुहंदिस म्हणजे इंजिनियर, "सब ठीक है. लेकिन ये तो पहले से मरा हुआ था!"

*

जड बाणाची एक खोड आहे. तो आत शिरतो खरा, पण सावकाश जातो आणि लवकर खाली येतो. लांबून मारायची सोयच नाही. म्हणून मूसच्या अगदी जवळ जायला हवं. म्हणून सरपटायला शिकायला हवं. म्हणून यांनी डगचे जंगलातले कपडे मागून आणले!

कपडे हिरवे-तपकिरी, खाली वाळवंट पिवळंधमक. हे लांबूनसुद्धा कोथिंबिरीच्या जुडीसारखे उठून दिसत होते. हातात धनुष्य घेऊन, पोटावर सरपटत, अबू फैसलच्या बकऱ्यांच्या दिशेनं निघाले. बकऱ्या रवंथ करत यांच्याकडे बघत होत्या.

ते दिवस फार वाईट होते. इराक परत येणार, अशी हूल उठली होती. लोक पाणी भरून ठेवत होते, बँकांपुढं रांगा होत्या. आमच्याही बॅगा दाराशी भरून होत्या. अशात सैनिकी कपड्यातला माणूस वाळवंटात सरपटताना कुणी पाहिला, तर?

पोलिसांनी पाहिला. जीप आली, धुरळा उडवत थांबली, दोघं उतरले आणि यांच्यावर बंदुका रोखून ओरडले. यांनी पडल्या पडल्या हात वर केले. एका हातात धनुष्य तसंच!

"आई, आर दे गोइंग टू शूट बाबा?" केतकीनं विचारलं. मी तिचं तोंड पदरात लपवलं. टाका ते धनुष्य, टाका ते धनुष्य, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. अबू फैसल दोन्ही हात हलवत, धापा टाकत पळत येत होते, पण ते अजून लांब होते.

"काय करतोयस इथं?"

"शि... शिकारीची प्रॅक्टिस."

"कसली शिकार?"

"मूस. कॅनडात."

पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतल्या वयानं मोठ्या पोलिसानं बंदूक खाली केली, बकऱ्यांच्या पलीकडे नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "कॅनडा मागं आहे. तू इराककडं चाललायस."

*

हे कॅनडाला गेलेच नाहीत. का, ते या शेवटच्या किश्श्यात आहे.

तिकीट झालं होतं. डग सुट्टीवर निघायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. यांनी बाणाच्या टोकामागं पितळेचा तुकडा बसवून आजवरचा सगळ्यात जड बाण तयार केला होता. लहान मुलाला दाखवावा तसा सगळ्यांच्या हातात देऊन दाखवत होते.

ऊन कलायला लागलं आणि मधल्या भिंतीकडे बघितलं की सूर्य डोळ्यांत जायला लागला. डग म्हणाला, टार्गेट डाव्या भिंतीला लावू.

"वहिनी, उठा!" सबनीस पलीकडे डोकावून म्हणाले. "तुमची खोली खाली करा."

"एवढं मोठं वाळवंट, आणि माझीच जागा मिळाली?" मी करवादले. चहा अर्धाच झाला होता. कोळशांवर वाळू लोटली, केतकीला उठवलं आणि पुटपुटत गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

आतल्या बाजूनं भिंतीला खोक्यांची थप्पी लावली, त्यावर जुना रबरी पट्टा. हे उभे राहिले, ताणलं, सोडलं. 'थप्'. बाण पट्ट्यातून, खोक्यांतून गेला, पिसांसकट दिसेनासा झाला. आणि मग वाळूच्या आतून आवाज आला.

'ठण्ण!'

पितळेच्या पातेल्यावर उलथनं पडावं तसा. कुणी हललं नाही. सबनीस, ज्यांचं तोंड दाढ काढतानासुद्धा बंद नसे, ते गप्प.

"दगड असेल," हे म्हणाले, आणि बाण आणायला निघाले.

दगड? त्या वाळवंटात मी एवढ्या महिन्यांत सुपारीएवढा दगड पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं तो मेंढपाळ उभा राहिला. सिस्टर, बोटं कुठं ठेवलीत? आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"अवी! थांब तिथंच, मेल्या!"

लग्न झाल्यापासून मी यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. अरेतुरे तर लांबच. हे जागच्या जागी थिजले.

"ती बरोबर बोलतेय," डग हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मागं ये. आपल्याच पावलांवर पाय ठेवत ये."

हे आले. एक एक पाऊल बघत, उलटे. या वेळी सप्तपदी कुणी म्हटलं नाही. माझ्या हाताला हात लागला, तेव्हा यांचा हात बर्फासारखा गार होता, आणि मी तो सोडला नाही. मला यांचा राग आला होता, भयंकर राग, आणि यांना दोन हात आहेत याचा आनंदही झाला होता.

अबू फैसल गाडी घेऊन पोलिसांकडे गेले. मग सैन्याची गाडी आली. आम्हाला पार रस्त्यापर्यंत मागं नेऊन बसवलं. डगजवळ शिकारीची दुर्बीण होती, ती आम्ही आळीपाळीनं लावून बघत होतो. एक तरुण अधिकारी बांधाला वळसा घालून फिरला. बाण शिरला त्या बाजूला त्यानं हात लावला नाही. तो पलीकडून खणायला बसला. माझ्या बाजूनं.

मी दुर्बीण यांच्याकडे देऊन टाकली.

सूर्य टेकला तेव्हा तो अधिकारी आमच्याकडे चालत आला. घामानं भिजलेला. एका हातात यांचा बाण, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. तो अरबीत सांगत होता आणि अबू फैसल हिंदीत. तोफेचा गोळा होता. हाताएवढा लांब, भिंतीत आडवा, जिवंत. बाणाचं टोक त्याच्या एका कडेला जेमतेम टेकलं होतं, नुसता ओरखडा. हलका बाण असता तर तिथवर पोचलाच नसता, आणि गोळा आहे हे कुणाला कळलंच नसतं.

"बरोबर आहे," हे सवयीनं म्हणाले, "कारण जड बाणाचं..."

अधिकाऱ्यानं पिशवी जीपच्या बॉनेटवर उपडी केली. काळे कोळसे पडले. माझे चमचे पडले. केतकीची लाल क्लिप पडली. हे सगळं गोळ्याच्या दुसऱ्या टोकापाशी निघालं, वीतभर अंतरावर.

"चूल कोण पेटवत होतं?" त्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सबनीस बघत होते, डग बघत होता, हे बघत होते. केतकीनं क्लिप उचलली आणि माझ्या साडीला बिलगली.

अधिकारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं हात पसरून सगळं वाळवंट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. अबू फैसलना ते हिंदीत सांगायला जरा वेळ लागला.

"सिस्टर, ये पूछता है, इतना बड़ा रेगिस्तान है. बैठने को यही जगह क्यों?"

मी म्हटलं, "मला भीती वाटते ना, म्हणून."